सहाशे बाराची सरळ रेष

"तमाम ग्राहकांस, वाटसरूंस, तसेच दळण न आणता नुसत्या गप्पा मारायला येणाऱ्यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते, की आजपासून या गिरणीत आलेख लावण्यात आला आहे. त्यास पिठाचा हात लावू नये. त्याकडे पाठ करून बसू नये. आलेखाविषयी शंका असल्यास त्या मनातच ठेवाव्यात. हुकुमावरून."

हे निवेदन मीच लिहिलं, जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर, लाल स्केचपेननं, आणि गिरणीच्या दाराला चिकटवलं. समोरच्या काकूंनी ते मोठ्यानं वाचलं. समोरच्या काकू म्हणजे आमच्या गल्लीतल्या सगळ्यांत जुन्या ग्राहक आणि सगळ्यांत धारदार जीभ.

"हुकुमावरून म्हंजी कुणाच्या?"

"माझ्या."

"मग सही कर की."

मी सही केली. शिक्काही हवा, असं त्यांचं म्हणणं पडलं, तेव्हा मी पिठात अंगठा बुडवून उमटवला. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या फजितीची सुरुवात अशी रीतसर, सही-शिक्क्यानिशी झाली.

आमच्या वाशी गावात, बाजाराच्या मागच्या गल्लीत आमची गिरणी आहे. पत्र्याची शेड, दहा हॉर्सपॉवरची मोटर, एक वजनकाटा, एक पंखा, आणि गेली एकोणीस वर्षं त्या सगळ्यांच्या मधोमध मी. आमचे हे शाळेत शिक्षक. गाव त्यांना गुरुजी म्हणतं, म्हणून चारचौघांत मीही गुरुजीच म्हणते. स्वभावानं इतके शांत की वर्गात ते आहेत की नाहीत हे मुलांना फळ्यावरच्या अक्षरावरून कळतं. शाळा सुटली की संध्याकाळी ते गिरणीत बसतात आणि मी स्वयंपाकाला घरी जाते, अशी आमची वाटणी.

मला नऊ वर्षांपासून एकच गोष्ट हवी होती. मोटरीवर चालणारा, मिरची कांडायचा डंक. ज्वारी-गव्हाच्या दगडावर मिरची दळता येत नाही. दळली तर पुढचे पंधरा दिवस अख्खी गल्ली भाकरी खाताना रडेल. त्यामुळं उन्हाळा लागला की गल्लीतल्या बायका काळ्या तिखटाच्या मिरच्या, धने, दगडफूल पिशव्यांत भरून, जीपनं दुसऱ्या गावाला जायच्या. जाताना माझ्या दारावरून. शिंकत. एकोणीस वर्षं जिनं त्यांच्या भाकरीचं पीठ दिलं, तिनं दारात उभं राहून त्यांच्या मिरच्यांना नुसतं हात हलवून निरोप द्यायचा, हे मला सहन होत नव्हतं.

त्या वर्षी नळदुर्गला एक वापरलेला डंक विकायला निघाला. मालक म्हणाला, होळीपर्यंत थांबतो, पुढं नाही. पैसे बँकेत होते, पण ते गुरुजींनी बाजूला टाकलेले. मी विषय काढला.

गुरुजींनी ताटातली भाकरी संपवली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "एका मोटरीचं बिल दर महिन्याला किती येईल हे तुला ठाऊक नसतं. दुसरी मोटर आणून तिला काय खाऊ घालणार?"

बोलणं खरं होतं, म्हणूनच लागलं. वीजबिल माझ्या घरी पाहुण्यासारखं यायचं. येणार हे ठाऊक, किती दिवसांचा मुक्काम करणार ते दारात उभं राहिल्यावर कळायचं.

"आणि आधी सांगितलं तर?" मी विचारलं.

"पुढचं बिल किती युनिटचं येईल ते आधी सांग. दहा इकडं, दहा तिकडं चालतील. बरोबर निघालं, तर डंक."

गुरुजींना वाटलं विषय मिटला. त्यांना ठाऊक नव्हतं की बचत गटाच्या तीन दिवसांच्या शिबिरात मी संगणकावर तक्ते आणि आलेख काढायला शिकले होते. तिथं इतर बायका रांगोळीसारखे रंग भरत होत्या. मी मात्र कानात प्राण आणून ऐकत होते. आकडे एकाखाली एक लिहायचे, त्यांच्यावर बोट ओढायचं, एक बटण दाबायचं, की त्यांचे डोंगर होतात. पुढं अजून एक बटण दाबलं की रेष स्वतःच पुढच्या महिन्यात चालत जाते आणि तिथं काय आहे ते सांगते. जादूगाराला लोक पैसे देऊन बघतात. मला हे फुकट मिळालं होतं.

लेकीचा जुना लॅपटॉप काढला. त्याच्या कळांत पीठ गेल्यामुळं सातचा आकडा दोनदा दाबावा लागायचा. पत्र्याच्या डब्यातून दोन वर्षांची बिलं काढली, झटकली, आणि एक एक करून सगळं उतरवलं. बटण दाबलं. पडद्यावर एक भलाथोरला मीनार उभा राहिला आणि त्याच्या पायाशी बाकी सगळं जमीनदोस्त. मी घाबरले. एवढी वीज मी जाळली असती तर वाशीत कुणाच्या घरी दिवा लागला नसता. दोन दिवसांनी उमगलं, की मी बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांकही त्यातच घातला होता. त्याच्याइतकं ताठ कुणीच नव्हतं, सहाशे युनिटं त्याच्यापुढं मुंग्या.

तो क्रमांक पुसला आणि मग खरे डोंगर दिसले. केवढे देखणे. पापड-कुरडयांचा चैत्रातला डोंगर. पावसाळ्याची दरी. आदल्या वर्षीच्या दिवाळीत भाजणी आणि बेसनाचं टेकाड. मला माझी दोन वर्षं त्यात दिसत होती. नणंदेच्या लेकीच्या लग्नाला गिरणी पाच दिवस बंद होती, तो खड्डासुद्धा. मी एकटीच लॅपटॉपपुढं बसून हसत होते, आणि घरातल्यांनी एकदा डोकावून दार हळूच ओढून घेतलं.

पण सगळ्यांत सुंदर होतं आलेखाचं शेवटचं टोक. शेवटचे चार महिने. सहाशे बारा, सहाशे बारा, सहाशे बारा, सहाशे बारा. पट्टीनं मारल्यासारखी सरळ रेष.

ही सरळ रेष कुणी आणली, तर मी. भाद्रपदात मी काटकसरीची मोहीम काढली होती. एक ट्यूब काढून टाकली. एकट्या डब्यासाठी मोटर चालू करायची नाही, चार डबे जमले तरच, असा नियम केला. बायका बाकावर ताटकळत बसायच्या. समोरच्या काकू तर एकदा म्हणाल्या, "पीठ मिळंस्तवर ज्वारीच उगवंल डब्यात." मी कुणाचं ऐकलं नाही. आणि हे बघा फळ. दिवाळीच्या महिन्यातसुद्धा, अख्खं गाव भाजणी घेऊन दारात असताना, रेष ढिम्म. मी आलेख रंगीत छापून आणला, भिंतीवर लावला, दारावर निवेदन लावलं, आणि खडूनं भिंतीवर भविष्य लिहिलं: पुढचं बिल, ६१२.

त्या आठवड्यात टाकीवाले चाचा आले. दळून दळून दगड गुळगुळीत होतो, तेव्हा त्याला छिन्नीनं पुन्हा खाचा पाडाव्या लागतात. त्याला टाकी लावणं म्हणतात. चाचा सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्या दगडाला टाकी लावतात. दगड बघायच्या आधी ते मोटरीला कान लावतात, डॉक्टर छातीला लावतो तसा. त्या दिवशी कान लावून झाल्यावर त्यांनी आलेख पाहिला. चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"बेटी, ये लकीर बिमार हाय."

"चाचा, ती सरळ आहे."

"तेच म्हन्तो. दगड रोज घिसतो. घिसला की मोटर जास्त खाते. म्या टाकी लावली की कमी खाते. मग लकीर वर-खाली व्हायला पायजे ना? ही हलतच न्हाय. जी हलत न्हाय ती एक तर झोपली, न्हाय तर गेली."

मी त्यांना चहा दिला आणि मनात म्हटलं, छिन्नीवाल्यांना आलेख काय कळणार. दारावरच्या निवेदनाकडं बोटही दाखवलं. शंका मनातच ठेवाव्यात.

बिल आलं ते संध्याकाळी, गिरणी गच्च भरलेली असताना. मी ते तसंच, न उघडता, गुरुजींच्या हातात दिलं. ते शाळेतून नुकतेच आले होते. मला प्रेक्षक हवे होते, आणि ते होते. पंधरा-वीस बायका, डबे, पिशव्या, समोरच्या काकू पहिल्या रांगेत.

गुरुजींनी कागद उलगडला. वाचला. उलटा करून मागं बघितलं.

"पंधराशे बावीस," ते म्हणाले.

"रुपये?"

"युनिट."

मी मोटर बंद केली. मग काकूंनी हळूच विचारलं, "सहाशे बाराच्या किती पुढं हाय गं ते?" आणि गुरुजींनी, सवयीनं, उत्तर दिलं: "नऊशे दहा." बिचाऱ्यांना हिशेब विचारला की राहवत नाही.

बिलावर काय झालं ते लिहिलेलं होतं. मागच्या चारही बिलांवर लिहिलेलं होतं, बारीक अक्षरात, पण मी फक्त आकडे उतरवले होते. रीडिंगच्या रकान्यात 'कुलूपबंद', आणि खाली 'सरासरी'. चार महिने आमचं मीटर कुणी वाचलंच नव्हतं. मागच्या पावसाळ्याच्या महिन्यांची सरासरी काढून तोच आकडा लावत गेले, आणि पाचव्या महिन्यात गिरणी उघडी सापडली, तेव्हा खरं रीडिंग घेऊन राहिलेलं सगळं एकदम वसूल. कंपनीची काही चूक नव्हती. मीटर गिरणीच्या आत, आणि गिरणीला कुलूप.

पण कुलूप का? आम्ही रोज उघडतो. मी बिलांवरच्या रीडिंगच्या तारखा घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरपुढं उभी राहिले, आणि बोट ठेवत गेले. सर्वपित्री अमावस्या. दिवाळीची अमावस्या. कार्तिकातली अमावस्या. येळवस, म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या.

अमावस्येला आमची गिरणी बंद असते. सासऱ्यांनी पाडलेला पायंडा. त्या दिवशी दगडाला सुट्टी. मी तो कधी मोडला नाही. आणि येळवशीला तर काय, अख्खं वाशी शेतात, कडब्याच्या कोपीपुढं भज्जी-अंबिल खायला बसलेलं. त्या दिवशी तो रीडिंग घेणारा गावात कुणाच्या दारात उभा राहिला असेल देव जाणे. चार महिने अमावस्या आणि रीडिंगवाला हातात हात घालून माझ्या दारी आले, आणि कुलूप बघून परत गेले. पाचव्या महिन्यात अमावस्या एक दिवस अलीकडं सरकली, आणि तो एकटाच आला.

म्हणजे माझी ती सरळ रेष माझ्या काटकसरीची नव्हती. ती अमावस्येची होती. माझ्या आलेखात सगळं होतं, ट्यूब होती, डबे होते, दिवाळी होती. फक्त चंद्र नव्हता.

मी हसत सुटले. लोक म्हणतात मी रडायला हवं होतं. पण तुम्हीच सांगा, जगात किती बायकांना चंद्रानं वीजबिलात फसवलंय? मी ती गोष्ट त्याच दिवशी गिरणीत सगळ्यांना करून दाखवली. एका हातात कुलूप, दुसऱ्या हातात कॅलेंडर, रीडिंगवाल्याची चाल, अमावस्येची चाल. बायका बाकावर आडव्या झाल्या. काकू म्हणाल्या, "मला वाटलं तू आमास्येला नवऱ्याला कोंडत असशील."

रात्री मात्र हसू संपलं. होळीला दीड महिना होता. डंक हातचा गेला होता.

"गुरुजी," मी म्हटलं, "चुकीच्या आकड्यांवरचं उत्तर चुकणारच. मुलानं पुस्तकातलंच गणित चुकीचं छापलेलं सोडवलं, तर तुम्ही त्याला नापास करता का?"

"फेरपरीक्षा," ते म्हणाले. "एकच."

आता मी कागदाच्या भरवशावर राहिले नाही. रोज सकाळी गिरणी उघडताना आणि रात्री बंद करताना स्टूलावर चढून मीटरची काच पुसायची, आकडा लिहायचा. शेजारी दिवसभरात किती किलो दळलं तो आकडा, तो वजनकाट्यामुळं तयारच असायचा. दहा दिवस असं लिहिलं, आणि एका क्विंटलला किती युनिट लागली याचा आलेख काढला. तीन दिवस चढण. चौथ्या दिवशी धाडकन उतार. मग पुन्हा हळूहळू चढण. करवतीचा एक दात.

चौथ्या दिवशी चाचांनी टाकी लावली होती.

मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेले. पडदा त्यांच्याकडं वळवला. ती माझी माफी होती. चाचांनी बोट काचेवर ठेवून चढणीवर नेलं, टोकावर थांबले, खाली आणलं.

"ये म्याच हाय ना?"

"हो चाचा, तुम्हीच."

त्यांनी घरात हाक मारून चाचींना बोलावलं आणि तोच दात दाखवला. चाची म्हणाल्या, "चाळीस बरस हातोडा मारला, दिसाया आज लागला." निघताना चाचांनी विचारलं, "दुसरा दात वर कवा चढंल?" मी तारीख सांगितली. त्याच दिवशी सकाळी सात वाजता ते छिन्नी घेऊन दारात हजर.

या खेपेच्या तक्त्यात मी सगळं घातलं. टाकीच्या तारखा, दोन लग्नांची दळणं, शिवरात्रीच्या उपवासाचं साबुदाणा-भगरीचं पीठ, आणि एक स्वतंत्र रकाना, निळ्या रंगाचा: चंद्र. जुना आकडा भिंतीवरून पुसला आणि नवा लिहिला. ७४५. रीडिंग मागच्या खेपेला अठ्ठेचाळीस हजार तीनशे दहा होतं. म्हणजे यावेळी एकोणपन्नास हजार पंचावन्नच्या आसपास यायला हवं.

माघ सरत आला. पत्रे तापायला लागले. शेवटच्या आठवड्यात एका घरचा साखरपुडा अचानक ठरला आणि दोन पोती गहू दारात आला. दोन पोती. माझ्या रेषेत त्याला जागा नव्हती. मी अगदी गोड आवाजात म्हटलं, "आज दगड जरा गरम आहे हो, स्टँडजवळच्या गिरणीत बघता का?"

बाकावरून काकूंचा आवाज आला. "आकडा सांभाळतीस का गिरणी?"

मी गहू घेतला. दळताना प्रत्येक पायलीला मी स्टूलावर चढून मीटर बघत होते.

गुरुजीही त्या आठवड्यात वेगळेच दिसत होते. संध्याकाळी मी डबा घेऊन गेले की शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, चेहरा लालबुंद, हातात वहीचा पुठ्ठा वारा घ्यायला. मला वाटलं, हरायच्या भीतीनं घाम फुटलाय. मला फार बरं वाटलं. मी मुद्दाम विचारायचे, "काय गुरुजी, गरम होतंय?" ते म्हणायचे, "छे."

रीडिंगचा दिवस पुन्हा अमावस्येलाच आला. निळ्या रकान्यानं तो पंधरा दिवस आधीच सांगितला होता. सासऱ्यांचा पायंडा मोडायचा नव्हता, म्हणून मी मार्ग काढला: गिरणी उघडी, दगड बंद. पट्टा काढून ठेवला, दगडाला हळदकुंकू वाहिलं, मीटरची काच तीनदा पुसली आणि दारात स्टूल टाकून बसले. दळण नव्हतं, तरी सगळी गल्ली आली. चाचा खास धुतलेली टोपी घालून आले. गुरुजी रजा टाकून कोपऱ्यात बसले, घामाघूम.

अकरा वाजता रीडिंग घेणारे भाऊ आले, भरदार मिशांचे, गळ्यात पिशवी. दारातच थबकले.

"आज उघडी? आमास्या हाय की."

"तुमच्यासाठीच उघडलीय. या, बसा, चहा घ्या. आधी वाचा."

त्यांनी मोबाइल वर धरला, फोटो काढला. एवढ्या बायका आपल्या तोंडाकडं बघतायत हे पाहून त्यांनी एकदा शर्ट नीट केला आणि मग आकडा मोठ्यानं वाचला, निकाल वाचावा तसा.

"एकोणपन्नास हजार एक्कावन्न."

सगळ्यांच्या माना गुरुजींकडं वळल्या. त्यांचे ओठ हलले. "सातशे एक्केचाळीस," ते म्हणाले. "चार कमी."

दहाच्या आत. चाचांनी हवेत बोटानं एक दात काढला. काकूंनी पदरातून मिरचीची पिशवी काढून माझ्या काट्यावर ठेवली. बाई घरूनच घेऊन आली होती. मी गुरुजींकडं बघत होते. ते वर बघत होते, बंद पंख्याकडं, आणि त्यांचं आतलं गणित अजून चालू होतं. पंखा तासाला किती खातो, रोज किती तास, किती दिवस. मग त्यांचा चेहरा एकदम पडला, आणि जो माणूस वर्गातही आवाज चढवत नाही, तो अख्ख्या गल्लीसमोर बोलून गेला:

"म्हंजी पंख्यानं फक्त दीडच युनिट वाचलं? आठ दिवस मी उगंच उकडून घेतलं?"